आरवायचा राहिलेला कोंबडा

सन चौतीसच्या उन्हाळ्यात मिशनचे शमुवेल मास्तर निमगाव केतकीच्या बाजारात यायचे. लिंबाला चित्रं टांगायची आणि येशूच्या गोष्टी सांगायच्या, हा त्यांचा परिपाठ.

त्या दिवशी गोष्ट पेत्राची होती. गुरूनं आधीच सांगितलेलं, कोंबडा आरवायच्या आत तू मला तीनदा नाकारशील. गुरूला शिपायांनी धरून नेलं आणि हा चेला शेकोटीपाशी बसून म्हणतो, मी त्याला ओळखत नाही. एकदा म्हणाला. दोनदा म्हणाला.

"तिसऱ्यांदा म्हणाला आणि कोंबडा आरवला!" मास्तरांनी पिशवीत हात घातला. गोष्टीला रंग चढावा म्हणून त्यांनी खरा कोंबडा आणला होता. पण पिशवीला भोक पडलेलं आणि कोंबडा पसार. अख्खा बाजार हसला. सगळ्यात मोठ्यानं कुंडलिक हसला.

"मास्तर, आरवायचं ऱ्हायलं की वो!"

सांजच्याला तोच तांबडा कोंबडा कुंडलिकच्या पानमळ्यात वेलींची मुळं उकरताना घावला. कुंडलिक आणि त्याचा जिवलग दोस्त जोतीराम, दोघांनी तो भाकरीबरोबर संपवला.

पानवेली उन्हानं करपत होत्या आणि पाण्याची पाळी आठ दिवसांवर.

"जोत्या, आजची येळ तेवढी चल संगं," कुंडलिक म्हणाला.

दोघं कालव्यावर गेले. पाणी सोडायच्या दाराची फळी चार बोटं उचलायची होती, ती मोडूनच हातात आली. पाणी साऱ्या शिवारात शिरलं. पळताना जोतीरामची एक वहाण चिखलात रुतून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वहाण चावडीत कालव्याच्या साहेबासमोर होती. जोतीराम हात बांधून उभा.

"मी एकटा नव्हतो जी. कुंडलिककडं जेवून दोघं गेलो. त्यालाच इचारा."

साहेबानं विचारलं, "काल हा तुझ्याकडं जेवला?"

"न्हाय," कुंडलिक म्हणाला.

त्याच्या पोटात काहीतरी खरवडलं. नखांनी माती उकरावी तसं. पचलं नसंल, त्यानं मनात म्हटलं.

"फळी काढायला तू होतास?"

"न्हाय जी."

बरगडीखाली पंख फडफडले. कोतवालानं वाकून बाकड्याखाली बघितलं.

"कोंबडं शिरलं का काय हितं?"

कुणी हसलं नाही. जोतीराम कुंडलिकच्या पोटाकडं बघत होता.

"मग हा तुझा कुणीच लागत नाही?" साहेबानं विचारलं.

कुंडलिकनं तोंड उघडलं. घशात एक मान ताठ होत वर आली. त्यानं दोन्ही हात तोंडावर दाबले आणि नुसती मान हलवली.

न्हाय.

साहेबानं लिहून घेतलं.

जोतीरामला इंदापूरच्या तुरुंगात न्यायला बाहेर काढलं. उंबऱ्यात तो थांबला. "कुंडलिक, गाडी सुटायच्या आत एक शबुद बोल. तेवढ्यावर सुटंन मी."

कुंडलिकला बोलायचं होतं. देवाशपथ बोलायचं होतं. घशातलं ते वाट बघत होतं.

गाडी गेली.

घरी बायको बनाबाईनं विचारलं, "जेवताय न्हवं?" त्यानं तोंडावरचा हात काढला नाही. जोतीरामची बायको कुशाबाई येऊन पायरीवर बसली.

"भाऊजी, खरं काय ते सांगा. एवढंच."

त्यानं हात काढला नाही.

दिवस मावळला. बनाबाईनं कोंबड्या झाकायला डालगं आणलं. एकही आत जाईना. अंगणात ओळीनं उभ्या राहून त्या कुंडलिकच्या तोंडाकडं बघत होत्या.