कुंभेवाडी ब्राझीलपेक्षा लांब

आधी कोडं. सोनगावपासून ब्राझील चौदा हजार किलोमीटरवर आहे आणि कुंभेवाडी चौदा. नुसती चौदा. मध्ये म्हातारधार नावाचा एक डोंगर आहे, पण तोही काही फार मोठा नाही. शेळ्या तो न्याहारीच्या आधी चढून उतरतात. तरीही सोनगावच्या हौशी रेडिओ मंडळातून ब्राझीलच्या माणसाशी बोलता येत होतं आणि कुंभेवाडीच्या माणसाशी येत नव्हतं. असं का?

हे कोडं मंडळाला बावीस वर्षं पडलंच नाही, कारण मंडळातल्या कुणालाही कुंभेवाडीशी बोलायचं नव्हतं.

हौशी रेडिओ म्हणजे काय, ते सांगतो. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, स्वतःचा रेडिओसंच लावायचा आणि जगभरच्या तशाच हौशी लोकांशी थेट बोलायचं. मध्ये टॉवर नाही, केबल नाही, उपग्रह नाही, महिन्याच्या महिन्याला बिलाची आठवण करून देणारी कंपनीही नाही. पण सन २०४६ मध्ये लोक तांदळाएवढा फोन कानात घालून हिंडत होते. त्यांना रेडिओवर बोलणं म्हणजे टपाल खात्याच्या कबुतराला दाणे घालण्यासारखं वाटे. मंडळात सात सभासद उरले होते. सर्वांत लहान बाबर काका, वय एकसष्ट. लहान असल्यामुळे सतरंज्या तेच उचलत.

मंडळाची एक रीत होती. दर रविवारी सकाळी प्रत्येकाने सांगायचं, की या आठवड्यात आपण किती लांबच्या माणसाशी बोललो. ज्याचं अंतर सगळ्यांत जास्त, त्याने हातांची वेताची खुर्ची घ्यायची. बाकीच्यांनी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून त्याचं अभिनंदन करायचं. अध्यक्ष घाटगे काका या खुर्चीत सलग अकरा आठवडे बसले होते. त्यासाठी त्यांनी मंडळाच्या गच्चीवर तीस मीटर उंचीचा खांब उभारून त्याच्या शेंड्याला अँटेना (रेडिओलहरी सोडणारी आणि पकडणारी तार) बसवली होती. सोनगावात पत्ता सांगताना लोक म्हणत, त्या खांबाच्या अलीकडे.

वर्षातून एकदा 'नवागत दिन' असे. नव्या लोकांना रेडिओची गोडी लागावी, हा हेतू. स्वागताला चिंतामण नावाचा यंत्रमानव होता. तो एका कार्यालयात नऊ वर्षं खिडकीमागे काम करून निवृत्त झाला होता. मंडळाने त्याची स्मृती पुसून घेतली, पण वळण काही पुसलं गेलं नाही. आलेल्याला तो पाणी देई, मग एक्केचाळीस प्रश्नांचा अर्ज देई, आणि मग म्हणे, "आपलं काम आज होणार नाही, तरी आपण बसा." आदल्या वर्षी तीन नवागत आले होते. त्यातले दोघे सतराव्या प्रश्नापाशी निघून गेले. तिसरा विजेचं मीटर वाचायला आला होता.

त्या वर्षी एकच नवागत आली. किमया ढेबे, इयत्ता सहावी, बारा वर्षं पूर्ण व्हायला तीन महिने बाकी. तिने एक्केचाळीस प्रश्न वाचले, एकाचंही उत्तर लिहिलं नाही, आणि खाली मोकळ्या जागेत लिहिलं : मला कुंभेवाडीशी बोलायचं आहे.

कुंभेवाडीला तिचे आजोबा राहत. बाबू ढेबे, पंचवीस शेळ्यांचे मालक; किमया त्यांना आबा म्हणे. गेल्या श्रावणात म्हातारधारेची दरड कोसळली. रस्ता गेला, केबल गेली, टॉवर आडवा झाला, वीज गेली. तांदळाएवढे फोन तांदळाएवढेच उपयोगाचे राहिले. सोनगावात लोक म्हणाले, वाईट काही झालं असतं तर निरोप आला असता. निरोप नऊ दिवस आला नाही, कारण तो यायला वाट नव्हती. दहाव्या दिवशी माणसं पोहोचली तेव्हा आबा गोठ्यात मोडका पाय घेऊन पडलेले होते. ते वाचले, पण तेव्हापासून लंगडत चालतात. फोनवर विचारलं की म्हणतात, पाय झकास आहे.

किमयाने ठरवलं होतं, की पुढच्या श्रावणात नऊ दिवस लागता कामा नयेत. श्रावणाला पाच महिने होते.

घाटगे काका म्हणाले, अगं, ब्राझील लागतं, कुंभेवाडी काय चीज आहे. त्यांनी बाबर काकांना एक हातसंच देऊन कुंभेवाडीला पाठवलं आणि इकडून हाका मारल्या. काही नाही. हातसंचाच्या लहरी बॅटरीच्या झोतासारख्या सरळ जातात. मध्ये डोंगर आला की संपलं. मग घाटगे काकांनी मोठा संच लावला. तरी काही नाही. पुढच्या रविवारी त्यांनी खांब तीन मीटरने वाढवला. कुंभेवाडी लागली नाही, पण ऑस्ट्रेलिया फार स्वच्छ ऐकू यायला लागलं. घाटगे काकांना याचं दुःख झालं, असं म्हणवत नाही.

किमया चार रविवार आली. दर वेळी पायरीवर बसे, आणि दर वेळी चिंतामण तिला सांगे, की आपला अर्ज विचाराधीन आहे. चौथ्या रविवारी घाटगे काकांनी तिचं मन वळवायचा प्रयत्न केला. कुंभेवाडीचं पुढे बघू, आज तुला ब्राझीलशी बोलायला देतो, म्हणाले.

"ब्राझीलमध्ये माझं कुणी नाही," किमया म्हणाली.

तेवढ्यात कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं, चेंडू आहे का गं तुझ्याकडे?

त्या मंगलाताई केंजळे. वय शहात्तर. नोकरीत असताना त्यांनी चाळीस वर्षं एकाच गोष्टीचा अभ्यास केला होता : जमिनीपासून फार उंचावर हवेचं काय होतं. मंडळात मात्र लांबच्या हाका मारण्यात त्यांना रस नव्हता, त्यामुळे त्यांच्याकडे चहा सोपवला होता.

मंगलाताईंनी मंडळाचं लोखंडी कपाट ढकलून खोलीच्या मध्यावर आणलं. एका बाजूला किमयाला उभं केलं आणि दुसऱ्या बाजूला, कपाटाला अगदी चिकटून, घाटगे काकांना. म्हणाल्या, हे कपाट म्हणजे म्हातारधार. चेंडू म्हणजे रेडिओलहर. आता वरचं छत बघ. असंच एक छत पृथ्वीलाही आहे. त्याला म्हणतात आयनांबर (सूर्याच्या प्रखर किरणांमुळे विद्युतभार आलेला, उंचावरच्या विरळ हवेचा थर). त्याचा आपल्या कामाचा भाग साधारण तीनशे किलोमीटर उंचावर असतो. योग्य लांबीच्या रेडिओलहरी त्याच्यापर्यंत गेल्या, की वळून पुन्हा जमिनीकडे येतात.

"आता चेंडू तिरका मार. छताला लागून पलीकडे जाऊ दे."

किमयाने मारला. चेंडू छताला लागला, घाटगे काकांच्या डोक्यावरून गेला आणि पार खिडकीपाशी पडला.

खिडकी म्हणजे ब्राझील, मंगलाताई म्हणाल्या. खरं तर तिथे पोहोचायला आकाश आणि जमीन यांच्यामध्ये बऱ्याच उड्या माराव्या लागतात, पण सुरुवात अशीच होते. उंच अँटेनाच्या लहरी अशा तिरक्या, क्षितिजाच्या बाजूने जातात. त्या डोंगराला तर ओलांडतात, पण डोंगरामागच्या माणसालाही ओलांडतात. म्हणून जवळ एक मुका पट्टा (जिथे लहर डोक्यावरून जाते आणि ऐकू काहीच येत नाही असा प्रदेश) तयार होतो. घाटगे साहेब त्या पट्ट्यात उभे आहेत.

घाटगे काका म्हणाले, की ते कुठेही उभे राहायला तयार आहेत, फक्त चेंडू जरा जपून.

किमया छताकडे बघत राहिली. मग कपाटाला खेटून उभी राहिली आणि तिने चेंडू जवळजवळ सरळ वर फेकला. तो छताला लागून कपाटाच्या मागे सरळ खाली आला आणि अध्यक्षांच्या टकलावर पडून बाबर काकांच्या चहात गेला.

"तिरकं नाही, वर बोलायचं," किमया म्हणाली. "पण लहर सरळ वर कशी फेकायची?"

"अँटेना खाली घ्यायची."

बावीस वर्षांत त्या खोलीत एवढं अभद्र वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. मंगलाताईंनी शांतपणे समजावलं. आडव्या तारेतून लहरी वरही जातात आणि खालीही. खाली गेलेली लहर जमिनीवर आपटून वर येते. तार जमिनीच्या जवळ असेल, तर ही परतलेली लहर वर जाणाऱ्या लहरीला वेळेवर गाठते आणि दोघी मिळून जोर लावतात. झोपाळ्याला नेमक्या क्षणी धक्का दिला की तो चढतो ना, तसं. तार फार उंच असेल, तर परतलेली लहर उशिरा पोहोचते. झोपाळा येत असताना समोरून धक्का दिल्यासारखं होतं, आणि वर जाणारा जोर मरतो. उरतो तो बाजूंना जाणारा.

एक पथ्य मात्र होतं. सरळ वर मारलेल्या फार आखूड लहरी छत भेदून अवकाशात निघून जातात. म्हणून दिवसा चाळीस मीटर तरंगलांबीच्या (लाटेच्या एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतच्या अंतराच्या) लहरी घ्यायच्या. रात्री छत विरळ होतं, तेव्हा त्याहून लांब.

घाटगे काकांनी अगदी हळू विचारलं, की मंगलाताई, हे तुम्ही इतकी वर्षं सांगितलं का नाही.

"इथे सगळे सांगतच होते," त्या म्हणाल्या. "विचारलं कुणी नव्हतं."

पुढच्या रविवारी बाबर काका संच, बॅटरी, सौरपत्रा आणि वीस मीटर तार घेऊन कुंभेवाडीला गेले. इकडे मंडळाच्या अंगणात किमयाने पेरूच्या झाडापासून फाटकापर्यंत तशीच तार बांधली, जमिनीपासून जेमतेम तीन मीटरवर. शेजारच्या काकूंनी तारेवर दोन टॉवेल वाळत घातले, ते विनंती करून काढावे लागले. त्या काळी नियम असा होता, की परवानाधारक शेजारी बसला असेल तर नवख्याला बोलता येई. मंगलाताई शेजारी बसल्या. दहाच्या ठोक्याला किमयाने हाक मारली.

खरखर. पुन्हा हाक. पुन्हा खरखर. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. चिंतामण म्हणाला, आपण उद्या या. किमयाने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो स्वतःहून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

शेवटी रेडिओ का लागत नाही, हे त्यांनी बाबर काकांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, काय कळत नाही बुवा, इकडे तर एकदम झकास बांधलीय. गावातल्या दोन सर्वांत उंच सावरींवर पोरं चढवून पार शेंड्याला लावलीय, वीस मीटर तरी असेल.

मंगलाताईंनी कपाळावर हात ठेवला. "अर्धी तरंगलांबी. सरळ वर जाणारी लहर संपवायला याहून नेमकी उंची सापडली नसती."

माणसाला विज्ञान समजतं, पण हातांची सवय जायला वेळ लागतो. किमयाने फोनवर सांगितलं, काका, खाली घ्या. बाबर काका म्हणाले, किती खाली? ती म्हणाली, आबांच्या शेळीला पाला तोडता येणार नाही, एवढीच वर. तार फणस आणि गोठा यांच्यामध्ये आली.

पाऊण तासाने खरखरीतून आधी एक शेळी ऐकू आली. मग बाबर काकांनी आपलं संकेतनाव सांगितलं. आणि मग थोडं थांबून, संचाच्या फार जवळ तोंड नेऊन कुणीतरी म्हणालं :

"किमे, जेवलीस का?"

किमयाने बटण दाबलं. चार रविवार पायरीवर बसून पाठ केलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. मंगलाताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आबा, पाय कसा आहे?"

तिकडे बाबर काका शेजारी बसलेले होते, आणि साक्षीदारासमोर आबा खोटं बोलत नसत.

"दुखतो गं," आबा म्हणाले.

ते शब्द तीनशे किलोमीटर वर गेले, वळले आणि तीनशे किलोमीटर खाली आले. शेजारच्या गावातून शेजारच्या गावात यायला सहाशे किलोमीटर, आणि वेळ सेकंदाचा पाचशेवा भाग.

त्यानंतरच्या रविवारी अंतरं सांगताना घाटगे काकांची पाळी आली. बारा हजार, त्यांनी सांगितलं. बाबर काका तीन हजार. किमयाला विचारलं तेव्हा ती म्हणाली, चौदा. घाटगे काका उठले, वेताची खुर्ची पायरीपर्यंत ओढत नेली आणि स्वतः स्टुलावर बसले. स्टूल कुरकुरलं. ते कुरकुरले नाहीत.

चिंतामणच्या अर्जात आता एकच प्रश्न आहे : आपल्याला कुणाशी बोलायचं आहे? आधी तो हा प्रश्न तीन प्रतींत विचारायचा, पण आता सुधारला आहे. उन्हाळ्यात अकरा नवागत आले, एकही पळाला नाही. घाटगे काका खांबाखाली उभे राहून त्यांना तार कमी उंचीवर कशी बांधायची ते शिकवतात. मीटर वाचणारा पुन्हा आला, तो या वेळी राहिला. त्याची बहीण घाटाखाली असते. कुंभेवाडीच्या शाळेतल्या जानकर बाईंनी आणि बारा पूर्ण होताच किमयाने, दोघींनी जुलैत परवान्याची परीक्षा दिली. दोघी पास झाल्या. बाईंना तीन गुण कमी पडले किमयापेक्षा. त्या त्याबद्दल अजून बोलत नाहीत.

श्रावणात एका पहाटे म्हातारधार पुन्हा कोसळली. रस्ता गेला, केबल गेली, टॉवर या वेळी दुसऱ्या बाजूला आडवा झाला. सकाळी नऊ वाजता, ठरल्या वेळेला, किमयाने संच सुरू केला. नऊ वाजून दोन मिनिटांनी जानकर बाईंचा आवाज आला. किमया एकेक शब्द उतरवून घेत होती, आणि घाटगे काका, मंगलाताई, अकरा नवागत आणि चिंतामण तिच्या पेन्सिलीकडे बघत होते.

रस्ता बंद. माणसं सगळी आहेत. मोजली. दोन जणांना औषध हवं, नावं सांगते. ढेबे आबा म्हणतात, शेळ्या पंचवीस.

किमयाने खाली नोंदवहीत वेळ लिहिली. निरोप यायला लागलेल्या दिवसांच्या रकान्यात काय लिहायचं, असं तिने विचारलं. गेल्या वर्षी नऊ होते.

"शून्य लिही," घाटगे काका म्हणाले, आणि औषधाची नावं घेऊन जिन्याकडे धावले.