आतून धरलेला नट

गंजलेल्या बोल्टशी मिस्त्री सोयऱ्याधायऱ्यांपेक्षा गोडीनं बोलायचा. जवळचा सोयरा तसा एकच होता, साडू. आणि त्याच्याशी बोलणं बंद होतं.

पूर्वी दोघांचं गॅरेज एकत्र होतं. मिस्त्री बाहेरून पाना फिरवायचा, साडू आतून नट धरायचा. पुढे कौतुक कोणाच्या वाट्याला किती, यावरून फाटलं आणि साडूनं बरोबर समोरच चकचकीत दुकान थाटलं. "एकट्यानं जमायचं नाही तुला," तो जाताना म्हणाला. "ज्या दिवशी मला हाक मारशील, त्या दिवशी पाटी उतरवून माझ्याकडे कामाला यायचं." मिस्त्री चारचौघांत हो म्हणून बसला. रागात माणूस फार दिलदार होतो.

आज तो दिवस उगवल्यासारखा दिसत होता. पुढ्यात रानावनात फिरून थकलेली जुनी जीप, तिच्या कुशीचा लांब जाड पत्रा कुजलेला. पत्र्याचे बोल्ट मागच्या बंद पोलादी पेटीत शिरलेले, आणि आतल्या नटांचे वेल्डिंगचे टाके गंजून सुटलेले. पाना फिरवला की बोल्टबरोबर नटही गरगर फिरे. ग्राइंडरनं पेटी कापली असती तर प्रश्न मिटला असता, पण जीपची मालकीण बजावून गेली होती, "पेटी कापायची नाही. तशी दुसरी मिळत नाही." पाणी निथळायला पेटीला बोटभर भोक होतं. त्यातून वाकडी सळई घालून नट अडवण्याची खुबी फक्त साडूच्या हातात होती.

दुपारी डबा घेऊन आलेली बायको, जीपसमोर फतकल मारून बसलेल्या नवऱ्याकडे बघत राहिली.

"बोलवा की भाऊजींना. मान काय काचेचा आहे तुमचा?"

"एवढा पुळका असेल तर डबाही त्यालाच दे."

"त्यांना माझी बहीण देते. म्हणून तर बिचारे वाळलेत!"

ती हसत गेली. मिस्त्रीनं हाताला चाळा म्हणून पुन्हा पाना लावला.

आतून 'टक्' असा आवाज आला. पाना थांबला. नट फिरत नव्हता.

अडकला असेल, त्याला वाटलं. गंजालाही कधी दया येते. त्यानं जोर लावला. कर्र करत बोल्ट निघाला. शेजारच्या बोल्टला पाना लावला, तर तिथेही टक्.

घाबरण्याआधी त्याला कुतूहल वाटलं. परीक्षा बघावी म्हणून त्यानं मधले सोडून एकदम टोकाचा बोल्ट धरला. टक्, तिथेच. मग मुद्दाम उलटा पिळला. आतली पकड क्षणभर सैल झाली, जणू 'हे काय चाललंय?' असं कोणी विचारत होतं. पाना सुलट फिरताच पकड पुन्हा घट्ट. साडू धरायचा तेव्हा सुरुवातीला थोडी ढील पडायची. इथे तीही नव्हती.

त्यानं भोकावर बॅटरी मारली. भोकावर कोळ्याचं जुनं जाळं, धुळीनं जड झालेलं, अखंड. वारा नव्हता. जाळं मात्र हलत होतं, सावकाश, आत आणि बाहेर.

एकच बोल्ट उरला तेव्हा साडू दारात उभा होता.

"ग्राइंडर ऐकू आला नाही, म्हणून आलो. नट कोण धरतंय?"

"कोणी नाही."

"मला शिकवतोस?" साडूनं पाना हिसकावून बोल्टला लावला. नट गरगर फिरला. त्यानं पुन्हा फिरवला. पुन्हा तेच.

त्यानं पाना परत दिला. मिस्त्रीनं लावला.

टक्.

बोल्ट निघून हातात आला.

साडूनं हात खिशात घातले. मग मागे सरकत म्हणाला, "पाटी राहू दे तुझी."

हेच ऐकायला मिस्त्री आसुसला होता. आता मात्र त्याचं लक्ष पत्र्याकडे होतं.

पत्रा पडला नव्हता.

एकही बोल्ट शिल्लक नव्हता. खाली जॅक नाही, वर दोरी नाही. साडूचे दोन्ही हात खिशात.

मिस्त्रीनं पत्र्याखाली तळवे लावले. वजन लागत नव्हतं.

"सोड," तो हळूच म्हणाला.

वजन आलं. आधी उजव्या हातावर, मग डाव्या, थोडं थोडं करून. समोरच्याची बोटं चेमटू नयेत, याची काळजी घेत.