मॉरिसचं हँडल

रेणुकानं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो त्यांच्या टिनाच्या शेडमागं उकिडवा बसून एका भोकाला डोळा लावून होता.

भर दुपार होती. धामणगाव बढेत त्या दिवशी एक लग्न होतं आणि पाहुण्यांच्या मोटरसायकली गल्लीभर लागलेल्या. चुलीसाठी कपाशीची पऱ्हाटी काढायला ती शेडमागं आली होती. काटक्यांचा भारा कडेवर तसाच धरून ती म्हणाली, "काय चोरून राह्यले?"

तो दचकला नाही. त्यानं डोळासुद्धा काढला नाही. "चोरू नाही लागलो, पाहू लागलो. आत मॉरिस गाडी आहे ना हो ताई?"

"हाये. मंग?"

"मॉरिस मायनर?"

"मले काय माहीत. बाबाची हाये."

तेव्हा कुठं तो उठला. पत्र्याच्या गंजाचा एक गोल डाग त्याच्या कपाळावर उमटला होता, टिळा लावल्यासारखा. तिला हसू आलं. ते दाबायला तिनं भारा उगाच या कडेवरून त्या कडेवर घेतला... आणि त्यानं ते पाहिलं.

त्याचं नाव धम्मरत्न, त्या लग्नाला आलेला. देऊळगाव राजात त्याचं गॅरेज होतं. पोटासाठी तो मोटरसायकली दुरुस्त करायचा, पण नाद जुन्या गाड्यांचा. कुठं पडलेली गाडी दिसली की घ्यायची आणि वर्ष वर्ष खपून उभी करायची.

ही चार दारांची मॉरिस रेणुकाच्या आजोबांनी खामगावच्या एका डॉक्टरकडून घेतली होती. इंग्लंडहून आलेली गाडी. रेणुकाची आई नवरी होऊन त्याच गाडीतून या घरी आली आणि अठरा वर्षांपूर्वी त्याच गाडीतून दवाखान्यात गेली. परत आला तो तिचा देह, ॲम्ब्युलन्समधून. तेव्हापासून रेणुकाच्या वडिलांनी, माणिकरावांनी, मॉरिसला हात लावला नव्हता. आता शेड कलली होती. ती पाडून सोयाबीन ठेवायला पक्कं गोदाम बांधायचं ठरलं होतं, म्हणून गाडी काढायची.

"चालू असती तर इकलीच नसती," माणिकराव त्याला म्हणाले. "मेलेली हाये. तुम्ही जगवत असान तर न्या."

धम्मरत्ननं बॉनेट उघडलं, पुढच्या भोकात इंजिन फिरवायचं हँडल घालून जोर लावला. हँडल हललं नाही. इंजिन जाम होतं. त्यानं समजावून सांगितलं, की प्लगच्या भोकांतून तेल सोडायचं, ते मुरू द्यायचं आणि दर आठवड्याला हँडल लावून पाहायचं. सुटलं तर गाडीला किंमत आहे, नाही सुटलं तर भंगार. भाव तेव्हाच ठरवू. माणिकरावांना ते पटलं. तो निघाला तेव्हा त्यांनी त्याचं पूर्ण नाव विचारलं. ते ऐकल्यावर पुढं काही विचारलं नाही.

पुढच्या रविवारी त्याला चहा कागदी कपात आला. घरात कागदी कप कधी नव्हते. ते मुद्दाम दुकानातून आणले होते. माणिकराव वाईट माणूस नव्हते, कुणाला कधी टाकून बोलले नव्हते. पण कप आणले होते.

दर रविवारी तो यायचा. माणिकराव शेतात गेले की रेणुकाचं शेडमध्ये काही ना काही काम निघायचं. 'का' विचारताना तो "कामून" म्हणायचा, ती "काऊन" म्हणायची, आणि दोघं एकमेकांना हसायचे. पहिल्या दिवशीचं "ताई" कधी गळून पडलं ते कळलं नाही.

तिसऱ्या रविवारी तिनं स्टीलच्या कपात चहा आणला. त्यानं कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"काकांनी पाहिलं तर?"

"मंग काय, घासून ठेवीन."

शब्द तोंडून निघून गेले. आपण काय बोललो ते तिला तेव्हा कळलं. त्यानं अर्धा चहा पिऊन कप खाली ठेवला. तिनं तो उचलला आणि त्याच्या समोर उरलेला चहा पिऊन टाकला.

"झालं?" ती म्हणाली.

"साखर कमी होती," तो म्हणाला.

चौथ्या रविवारी अवकाळी आला. पत्र्यावर गारा इतक्या वाजत होत्या की बोललेलं ऐकू येत नव्हतं. दोघं गाडीत बसले, तो स्टेअरिंगवर, ती मागच्या सीटवर. आईचं डोकं शेवटी याच सीटवर आपल्या मांडीवर होतं, असं तिनं सांगितलं. हे ती आजवर कुणाजवळ बोलली नव्हती. त्यानं मागं वळून पाहिलं नाही, फक्त हात मागं केला. गारा थांबेपर्यंत तिनं तो धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच शेडमध्ये गेली. सहज म्हणून तिनं हँडल लावलं आणि दाबलं. ते फिरलं. अगदी अलगद, जात्यासारखं.

रविवारी तो आला. प्लगच्या भोकांत तेल सोडलं, हँडलला लोंबकळल्यासारखं केलं आणि कपाळ पुसत म्हणाला, "नाही सुटत."

"लय जिद्दी हाये," ती म्हणाली.

"घरच्यांवर गेली."

असे आणखी तीन रविवार गेले. दर वेळी बांधावरून आलेल्या माणिकरावांना तो सांगायचा, "अजून जामच आहे काका."

नवव्या रविवारी तो शेडमध्ये शिरला तेव्हा माणिकराव आधीच तिथं होते. आज ना उद्या गाडी जाणार म्हणून सकाळी ते तिच्याजवळ एकटेच येऊन बसले होते, आणि जुन्या सवयीनं त्यांनी हँडल लावून पाहिलं होतं.

आता त्यांनी ते त्याच्या देखत फिरवलं. एकदा, दोनदा.

"हे कधीचं फिरून राह्यलं?"

रेणुका दारात चहा घेऊन उभी होती. धम्मरत्ननं एकदाच तिच्याकडे पाहिलं. तिला एवढंच म्हणायचं होतं, की बाबा, तो गाडीसाठी येत नव्हता, आणि हे मलेही माहीत होतं. एवढंच. तिनं स्टीलचा कप ओढणीआड घेतला.

"भाव पाडाले खोटं बोलला ना बे?"

तो थोडा थांबला. मग म्हणाला, "हो काका. भाव पाडायला."

"तिच्या आईची गाडी हाये ते," माणिकराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. "चोर परवडला तुयापेक्षा. चालू गाडीचा भाव दे आन् उद्याच घेऊन जा. मले नजरेसमोर नको आता."

त्यानं घासाघीस केली नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. विकलेला बैल दारातून जाताना त्याला कुंकू लावतात. घरात बाई म्हणून रेणुकाच होती, म्हणून माणिकरावांनी तिलाच पाठवलं, स्वतः घरातून बाहेर आले नाहीत. तिनं बॉनेटवर हळद-कुंकू लावलं. तो मागच्या चाकाला दोर बांधत होता.

"चौथ्या रविवारीच सुटलं होतं," तो चाकाकडे पाहत म्हणाला.

"मले माहीत होतं."

"तुला माहीत आहे, हे मलाही माहीत होतं. हँडल तू उलटं ठेवलं होतं."

तिच्या बोटांना कुंकू लागलं होतं. ती ते पुसत राहिली. "मंग काल तसं काऊन बोलले?"

"कुणीतरी बोलायला पाहिजे होतं." त्यानं गाठ आवळली. "मी थांबलो होतो, रेणुका. तू बोलशील म्हणून."

तिचं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं.

"बाबा एकटे हायेत..."

"ठाऊक आहे."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तो पुढं जाऊन बसला. ट्रक गल्लीच्या वळणावर वळेपर्यंत मॉरिसची मागची काच दिसत होती, आणि त्यामागं ती रिकामी सीट.

शेड पाडली, गोदाम झालं. पुढच्या दिवाळीला रेणुकाच्या फोनवर एक व्हिडिओ आला. नंबर सेव्ह केलेला नव्हता, पण तिला पाठ होता. कुठलातरी रस्ता, गाडीचं बॉनेट आणि इंजिनचा आवाज. बाकी एक शब्द नाही.

ओसरीवरून माणिकराव उठून आले. "हा आवाज... कोणं पाठवलं?"

"माहीत नाही. फॉरवर्ड आलं असंल."

त्यांनी फोन घेऊन कानाला लावला. डोळे मिटून ऐकलं. "तुयी माय म्हणे, शिलाई मशीन चालल्यासारखी वाजते." मग फोन तिच्यापुढं धरला. "पुन्हा लाव."

तिनं लावला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"पोट्टं खोटारडं होतं," ते म्हणाले, "पण हात चांगला होता त्याचा. नाई?"

ते तिच्याकडे पाहत थांबले होते. फोन हातातच होता.

"हाव, होता," रेणुका म्हणाली.