नावाचा रकाना

सांख्यिकी हा माझा विषय. नांदेडच्या एका महाविद्यालयात अकरा वर्षं शिकवतेय आणि माझ्या तक्त्यातला एकही आकडा आजवर कुणाला खोडावा लागलेला नाही. याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही. दुसरा गर्व आईचा. पहिल्या मुलीवर थांबणारी बाई त्या काळी आमच्या उमरीत ती एकटीच. माझं प्रत्येक व्याख्यान मी तिच्यापासूनच सुरू करते.

रेणापूर तालुक्यातल्या एका गावाशी मात्र मी अडले. २०११ च्या जनगणनेत तिथे सहा वर्षांपर्यंतचे मुलगे एकशे बारा, मुली एकाहत्तर. चूक मला लगेच कळली, असं वाटलं. इकडे ‘लेकरं किती?’ विचारलं की बाई नुसते मुलगे सांगते. पोरींचं वेगळं विचारावं लागतं. जनगणनेला घरोघर फिरलेल्या, बाहेरच्या जिल्ह्यातून तेव्हा नुकतेच बदलून आलेल्या शाळेच्या गुरुजींना हे कुठून ठाऊक असणार! त्यांची चूक दुरुस्त करायची म्हणून गेल्या मंगळवारी मी स्वतःच यादी घेऊन गेले. ती लेकरं आता मोठी झालेली. माझा नियम साधा, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खूण करायची नाही.

पहिलं घर उमाबाईंचं. भर दुपार, अंगणात तुरीची डाळ वाळत घातलेली.

“लेकरं किती?”

“दोन.”

“आणि पोरी?”

“तीन हायत.” बाई ताठ उभ्या राहिल्या.

दाराशी तिघी बसल्या होत्या. दोघी मिळून तिसरीची वेणी घालत होत्या; ती पाठमोरी. मी तीन खुणा केल्या. नावं मात्र दोनच मिळाली, सुकन्या आणि शिल्पा.

“हिचं नाव?”

“ठिवूच कुठं दिलं,” उमाबाई म्हणाल्या.

घरातलं काही भांडण असेल, म्हणून मी पुढे गेले. सरजाबाईंकडे चार पोरी, नावं तीन. त्यांच्या शेजारी दोन पोरी, नाव एकीचंच. कुणी चुलीपाशी, कुणी शिलाई मशीनवर, कुणी पाण्याच्या टाकीजवळ, बिननावाची प्रत्येक मुलगी पाठमोरी. आणि आकडा सांगताना आयांचा तोरा असा, की पोरगी कलेक्टर होऊन आली असावी.

चार वाजता शाळेच्या व्हरांड्यात बेरीज केली.

मुली एकशे बारा. नावं एकाहत्तर.

एकेचाळीस रकाने रिकामे. मी तीनदा तपासलं. खुणा माझ्याच हातच्या होत्या.

उमाबाई मागोमाग आल्या होत्या. “त्या वक्ताला दवाखान्यात नेऊन तपासायचे,” त्या म्हणाल्या. “पोरगी हाय म्हणलं की झालं. आमाला कुणी इचारलं न्हाई. तुमीच पयल्यांदा इचारलं. खोडू नका, मॅडम.”

नियमाने खोडायलाच हवं होतं. नाव नाही, तर नोंद नाही. हा तक्ता परिषदेत मांडला तर लोक मला हसतील, अकरा वर्षांची इभ्रत जाईल. मी पेन उचललं. मग त्याला टोपण लावून टाकलं. इतका खरा तक्ता मी आजवर केला नव्हता.

“तुमच्या आईला पोरी किती?” उमाबाईंनी विचारलं.

“एकच. मी.” सवयीने माझी मान वर झाली.

त्या माझ्या पाठीमागे बघत होत्या.

“इचारलंय का कधी?”

मला हसू आलं. तरी फाट्यावर बसची वाट बघताना मी फोन लावला.

“आई, तुला पोरी किती?”

पलीकडे पंख्याचं बटण बंद केल्याचा आवाज आला.

“तीन,” आई म्हणाली. इतका ताठ आवाज तिचा मी कधी ऐकला नव्हता. “तुझ्या पाठच्या दोघी. चौतीस वर्सांत कुणी इचारलंच न्हाई बघ, रेणुका.”

मी फोन पिशवीत टाकला.

बस आली. तिघांच्या बाकावर मी खिडकीशी बसले. शेजारी कुणी नव्हतं.

कंडक्टरने आधी माझ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या बाकाकडे.

“तिघी लातूरच का?”

मी वळून पाहिलं नाही.

“हो,” मी म्हणाले, सगळ्या बसला ऐकू जाईल असं. “तिघी.”

त्याने महिलांची तीन अर्धी तिकिटं काढून दिली.