पायरीवरचं ऊन

"ताई, घाई नाही हं. सावकाश शोधा," समोरची बाई म्हणाली. तिच्या नाकपुड्या फुगल्या होत्या आणि हातातल्या किल्ल्या ती काउंटरच्या काचेवर आपटत होती.

केतकीनं तिच्या ओठांकडे पाहिलं. 'सावकाश शोधा' म्हणताना माणसाचे ओठ एकमेकांना टेकत नाहीत. या बाईचे तीनदा टेकले होते.

"हा घ्या आमसुली," केतकी म्हणाली आणि ब्लाउजपीस पुढे सरकवला. बाईनं तो जवळजवळ हिसकावून घेतला. "फार छान मदत केलीत," असं केतकीला ऐकू आलं.

सांगलीच्या बाजारपेठेत आता कुणी कुणाला वाकडं बोलत नसे. म्हणजे, कुणाला ते ऐकू येत नसे. दुकानाच्या छताला चाळणीसारखी बारीक भोकं असलेली एक पट्टी असे, तिला सौम्यक म्हणत. बोलणाऱ्याच्या गळ्याच्या आणि जबड्याच्या हालचालींवरून शब्द बाहेर पडायच्या आतच सौम्यक तो ओळखायचा. शब्द कडू असला, तर त्याच्या ध्वनिलहरीवर तशीच उलटी लहर सोडून तो जागच्या जागी विझवायचा, आणि त्याऐवजी दुसरा मऊ शब्द, त्याच माणसाच्या आवाजात, समोरच्याच्या कानात घालायचा. भाव, माप, रंग असला कामाचा मजकूर तो बदलत नसे. फक्त धार काढायचा. आणि जिथं धारेशिवाय बोलण्यात दुसरं काही नसायचंच, तिथं जवळपासचं काहीतरी गोड घालायचा.

एके काळी दुकानांत माणसं टिकत नव्हती. गिऱ्हाइकानं "फुकटचा पगार खाता" म्हणायचं, काउंटरवरच्या पोरीनं "परवडत नसेल तर येऊ नका" म्हणायचं, आणि मग आवाज चढायचे. दोन-तीन ठिकाणी हात उगारले गेले, एका ठिकाणी कात्री. त्यानंतर कायदा आला. जिथं पगारी माणूस आहे त्या प्रत्येक दुकानात सौम्यक हवाच. लोकांना तो मानवला. हळूहळू दुकानात बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची सवय मोडली. बघायचं कशाला? कानावर पडतं ते गोडच असतं.

केतकी मात्र गेल्या दीड महिन्यापासून बघायला लागली होती. अण्णा गेले आणि दुकान तिच्याकडे आलं, तेव्हापासून.

अण्णा म्हणजे भूपाल मगदूम, या 'मगदूम मॅचिंग सेंटर'चे मालक. एका संध्याकाळी ते काउंटरमागे कोसळले, दवाखान्यात मेंदूत गाठ निघाली आणि आठवड्याभरात, शुद्धीवर न येता, ते गेले. केतकी कोल्हापूरच्या कॉलेजात शिकवायची. आई वारल्यापासून ती दर रविवारी सकाळच्या गाडीनं यायची, दिवसभर अण्णांशेजारी काउंटरमागे बसायची आणि संध्याकाळी परत जायची. मधल्या दिवसांत दुकानाच्या फोनवर बोलणं व्हायचं, म्हणजे तेही सौम्यकाखालूनच.

अण्णा मुळात कमी बोलणारे. ती गाडीला निघाली की "निघ, चुकेल" एवढंच म्हणायचे. पण शेवटच्या वर्षात ते मऊ झाले होते. तिला बाळ म्हणू लागले होते. "बाळ, जपून जा. तू आलीस, दिवस चांगला गेला." चाळिशी ओलांडलेल्या बाईला हे ऐकून गाडीत खिडकीकडे तोंड करून बसावं लागायचं. आता तिच्यापाशी उरलं होतं ते एवढंच.

आणि एक संशय. शमा मुजावर चौदा वर्षं या दुकानात होती. अण्णा जायच्या चार महिने आधी तिनं अचानक काम सोडलं. "जाऊ दे बिचारीला," एवढंच अण्णा म्हणाले होते. ते गेले तेव्हा सगळी पेठ भेटायला आली. शमा आली नाही. चौदा वर्षांचं मीठ, आणि पाय वळू नयेत? या दुकानात तिच्या ओठांवर खरं काय असायचं, हा प्रश्न केतकीच्या मनातून जाईना.

*

मालक बदलला की सौम्यकाला नव्या मालकाचा आवाज शिकवावा लागे. त्यासाठी डॉ. अनघा हर्डीकर आल्या. सौम्यक बनवणाऱ्यांपैकीच त्या एक. स्टुलावर चढून त्यांनी पट्टी उघडली, आत बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट केतकीला दाखवलं.

"काय विकता हो तुम्ही इथं?"

"फॉल, अस्तर, ब्लाउजपीस. का?"

"वर्षभरात याला जेवढं झिजावं लागलंय, तेवढं भाजी मंडईतल्यालाही लागत नाही. आतून करपलाय पार."

केतकी स्टुलाजवळ सरकली. "कुणामुळं, ते कळेल?"

"नाही. मूळ बोलणं आम्ही ठेवतच नाही. विझवलं की संपलं. नाहीतर दुकानात तोंड कोण उघडेल?"

"म्हणजे समजा, इथं काम करणारी एखादी बाई माझ्या वडिलांना रोज शिव्या देत असेल..."

"तर वडिलांना 'शेठ, चहा सांगू का' असलं काहीतरी ऐकू आलं असेल." डॉक्टरीणबाई खाली उतरल्या. "त्यांना कधी दुखलं नसेल, एवढं नक्की."

"आणि तिला स्वतःला? तिला काय ऐकू येतं?"

"चांगला प्रश्न विचारलात. कानांत बोटं घालून बोलून बघा."

केतकीनं बोटं घातली आणि आपलं नाव म्हटलं. ते डोक्यात घुमलं.

"आपलं बोलणं आपल्याला कवटीच्या हाडांतून ऐकू येतं," डॉ. हर्डीकर म्हणाल्या. "तिथं आमची उलटी लहर पोचत नाही. त्यामुळं जगाला सुधारलेलं ऐकू येतं, आणि बोलणाऱ्याला आपलं खरं."

"मग तिला माहीत असणार ती काय बोलायची."

"अक्षरन् अक्षर." त्या बोट पुसत होत्या. "सुरुवातीला मजा वाटते म्हणे लोकांना. तुम्ही शिवी हासडता आणि समोरचा हसून 'हो हो' म्हणतो. पण काही जणांना मग भीती वाटायला लागते. काहीही बोला, कुणाचा चेहरा हलत नाही. आपण आहोत की नाही, असं वाटायला लागतं. आमच्याकडं येतात असली माणसं अधूनमधून."

"त्यांना काय सांगता?"

"दुकानाबाहेर जाऊन बोला म्हणून सांगतो. शटरच्या पुढं रस्ता सार्वजनिक. तिथं सौम्यकाला परवानगी नाही."

केतकीनं ते अर्धवटच ऐकलं. 'अक्षरन् अक्षर' याच्यापुढं तिचं मन गेलं नव्हतं.

*

शमा मिरजेत घरीच पिको-फॉल करायची. दार उघडंच होतं. मशीनवरून मान न उचलता तिनं विचारलं, "कशाला आलाय?"

केतकी उंबऱ्यातच थबकली. इतका उघडा प्रश्न तिनं बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

"काम का सोडलंस ते विचारायला. आणि अण्णा गेले तरी आली का नाहीस, तेही."

"लवकर सुचलं की विचारायचं." शमानं मशीन थांबवलं. "बसा. चटईवर बसणार असाल तर."

केतकी बसली. "मी अण्णांना विचारलं होतं. ते म्हणाले, जाऊ दे बिचारीला."

"बिचारी!" शमा हसली, पण ते हसू बरं नव्हतं. "आत म्हणाले असतील. आतलं मला सांगू नका, ताई. त्या छताखाली मीपण लई गोड होते."

"तेच विचारतेय मी. तू काय बोलायचीस त्यांना?"

"मी?" शमा बघतच राहिली. "तुम्हाला वाटतंय मी बोलायचे? या अल्ला! पायरीवर कधी आलाय तुम्ही?"

मॅचिंगच्या धंद्याचा एक जुना नियम आहे. दुकानातल्या दिव्याखाली ठरवलेला रंग खरा नसतो. आमसुली आत चॉकलेटी दिसतो, मोरपंखी निळा दिसतो. म्हणून साडी आणि कापड घेऊन गिऱ्हाइकाला शटरबाहेरच्या पायरीवर न्यायचं आणि उन्हात दोन्ही एकमेकांवर धरायचं. अण्णा दिवसातून कितीतरी वेळा पायरीवर जायचे, शमा साडीचा पदर धरायला बरोबर. केतकी गल्ल्याशी बसून असायची.

"मागल्या गणपतीच्या सुमारास सुरू झालं," शमा म्हणाली. "तासगावची एक बाई होती. तिला म्हणाले, कापड राहू दे, आधी तोंडाचा रंग जुळव. मला वाटलं, म्हातारपणी चेष्टा सुचली. मग रोजच. पायरीवर पाऊल पडायचा अवकाश. मापं काढायचे, आयाबहिणी काढायचे. गिऱ्हाइकं थोबाडीत मारल्यासारखी निघून जायची. माझी अम्मी वारली, मी तिसऱ्या दिवशी कामावर आले. तर साडीचा पदर माझ्या हातात आणि म्हणाले, बरं झालं, खाणारं एक तोंड कमी झालं."

"अण्णा?"

"अण्णाच. चौदा वर्षांत आवाज चढवला नव्हता त्या माणसानं. मला वाटलं, पोटात होतं ते बाहेर आलं. आत सौम्यक झाकत होता, बाहेर उघडं पडलं. आणि खरं सांगू? तुम्हालाबी ठाऊक असणार, असंच धरून चालले होते मी. लेक दर रविवारी येते, मजेत गप्पा मारत बसते. बापाची बाजू राखते, म्हटलं."

केतकीला दवाखान्यातल्या डॉक्टरांचा प्रश्न आठवला. गाठ कपाळामागे आहे, ते म्हणाले होते, तिथली गाठ आधी स्वभाव बिघडवते. वर्षभरात चिडचिड, शिवीगाळ, असं काही? आणि ती ताठ मानेनं म्हणाली होती, मुळीच नाही, उलट फार गोड झाले होते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं होतं. "आश्चर्य आहे. असं काही लक्षात आलं असतं, तर तुम्ही वेळेत आला असता."

"ती गाठ बोलत होती, शमा," ती म्हणाली. "ते अण्णा नव्हते."

शमाच्या हातातलं फॉलचं टोक गळून पडलं.

"मग सांगायचं नाही होय कुणी?"

"मला कुठं ठाऊक होतं?"

"दर रविवारी यायचात की!"

"मी आत बसायचे."

बाहेर कुणीतरी स्कूटर लावली, हॉर्न वाजवला आणि निघून गेलं. शमानं तांब्याभर पाणी आणून पुढं ठेवलं.

"एक गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती," ती सावकाश म्हणाली. "शेवटी शेवटी पांढरं अस्तरसुद्धा पायरीवर न्यायचे. पांढऱ्याला ऊन कशाला लागतंय? गिऱ्हाईक म्हणायचं राहू द्या, तरी न्यायचे. गिऱ्हाईक नसलं तर मला न्यायचे. तिथं उभं राहून वाईट वाईट बोलायचे आणि मग माझ्या तोंडाकडं बघत राहायचे. नुसते बघत राहायचे. एकदा मला सहन झालं नाही. मी म्हटलं, शेठ, काय झालंय तुम्हाला? असं का बोलताय?"

"मग?"

"मग रडायला लागले. दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि रडले. मला वाटलं, लाज वाटली म्हणून. दुसऱ्या दिवसापासून मी गेले नाही."

*

केतकी परतली तेव्हा दुकानात दुपारचं सामसूम होतं. ती नेहमीच्या जागी, गल्ल्याशी बसली. डॉक्टरीणबाईंनी नवी पट्टी बसवली होती. ती स्वच्छ दिसत होती.

बोलणाऱ्याला आपलं खरं ऐकू येतं. म्हणजे अण्णांना येत होतं. वर्षभर. आपल्या तोंडून काय निघतंय ते त्यांना हाडांत ऐकू येत होतं, आणि समोर लेक हसून म्हणत होती, हो अण्णा, जपूनच जाते. त्या घाणीतलं एक अक्षरही तिच्या चेहऱ्यावर उमटत नव्हतं. गिऱ्हाइकं हसत होती, फोनवरचे आवाज हसत होते. काय झालंय तुम्हाला, असं आत कुणीच विचारत नव्हतं. विचारलं ते एकट्या शमानं, पायरीवर.

'बाळ' हा शब्द तिनं मनात उचलून पाहिला. मऊ बोलणं सौम्यक जसंच्या तसं जाऊ देतो. म्हणजे एखादा 'बाळ' अण्णांचा असेलही. कुठला, ते सांगणारं कुणी नव्हतं. ती कधी त्यांच्या ओठांकडे बघत नव्हती. गुंड्यांचे डबे लावत असायची, घड्या घालत असायची.

शेवटच्या रविवारीही घड्याच घालत होती. अण्णा शटरपाशी उभे होते, उजेडाकडे पाठ करून. त्यांच्या हातात अस्तराचा एक तुकडा होता. तो पांढरा होता, हे तिला आत्ता आठवलं.

"केतकी, जरा पायरीवर ये. उन्हात बघू."

"ऊन फार आहे, अण्णा," ती मान वर न करता म्हणाली होती. "आतच बोला ना. आत किती छान आहे."

ते काही वेळ तिथंच उभे राहिले होते. मग काहीतरी बोलले होते. बरंच बोलले असावेत, कारण तिच्या हातून दोन घड्या घालून झाल्या होत्या.

तिला ऐकू आलं होतं, "बरं, बाळ. तू बस."