भाडोत्री आई

“माझी लेक माझ्याजवळ येत नाही, म्हणजे तूच फितवलंस तिला! भाडोत्री आई ती भाडोत्रीच!”

भर ओसरीत, शेजारणींच्या देखत म्वाई किंचाळली… आणि ते शब्द एस्नातच्या अंतःकरणात तापल्या सळईसारखे रुतले. सात वर्षांची तादाला भेदरून तिच्या कमरेला गुंडाळलेल्या कापडात, चितेंजेत, तोंड लपवू लागली.

एस्नातनं नुसते ओठ मुरडले. ही म्हणे आई! चार वर्षांपूर्वी डोकं फिरून झोंबा शहराच्या बाजारात अनवाणी भटकत होती, तेव्हा कुठे होतं हिचं आईपण? तापानं फणफणलेलं तीन वर्षांचं पोर समाजकल्याणच्या बाईंनी आणून एस्नातच्या ओटीत घातलं. म्हणून जगलं! त्या पोरीसाठी एस्नातनं, एकट्या विधवेनं, चांगलं चालून आलेलं लग्नाचं मागणं परत धाडलं, कारण त्या गृहस्थाला बायको हवी होती, परक्याचं पोर नको होतं. आणि आज इस्पितळातून बरी होऊन आलेली ही बया तिलाच भाडोत्री म्हणते!

पण म्वाईहून हजारपटीनं तिला किळस होती ती म्वाईच्या थोरल्या भावाची, लायसनची. आमच्याकडे भाच्यांवर मामाचा अधिकार. पण त्या वेळी या मामानं “वेडीचं पोर माझ्या घरात नको” म्हणून दार लावून घेतलं होतं! आता पोर पाणी भरण्याजोगी, धाकटी मुलं सांभाळण्याजोगी झाली, तेव्हा त्याला अचानक कुळाचा उमाळा आला. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा, कोटाची घडी न मोडणारा हा धर्मात्मा!

पोर कुणाकडे राहणार, याचा गुरुवारी समाजकल्याण कचेरीत निवाडा होता. लायसन पाय पसरून बसला होता. म्हणाला, “वेडीच्या हाती पोर देता? माझ्याकडे द्या. आणि या बाईला दुसरं एखादं पोर द्या पाळायला. तिचा धंदाच आहे तो!”

एस्नातनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं चपलेला चिकटलेल्या घाणीकडे पाहावं.

अधिकारी चिराम्बोबाई तिच्याकडे वळल्या. “एस्नातबाई, वर्षभर म्वाई दर शनिवारी तुमच्या घरी भेटीला येते. तुम्ही सांगा, पोर सांभाळू शकेल ती?”

एक ‘नाही’… फक्त एक ‘नाही’, की तादाला आपली! मामाची डाळ चिराम्बोबाईंपुढे शिजणार नव्हती, हे तिला ठाऊक होतं. जिभेवर आलेला तो शब्द तिनं गिळला. दहा मैल चालत येणारी, एकही शनिवार न चुकवणारी, वेळच्या वेळी गोळी घेणारी म्वाई तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. तिरस्कारानं सत्य थोडंच खोटं होतं?

“द्या,” ती म्हणाली. “शुद्धीवर आहे ती. पण एकटीवर टाकू नका. माझ्या शेजारची खोली रिकामी आहे, तिथं राहू दे. इस्पितळात जायच्या दिवशी पोर माझ्याकडे जेवेल. शाळेतूनही मीच आणीन.”

लायसन खो खो हसला. “वा! वेडीला भाडोत्रीचा टेकू! अहो बाई, तुम्ही आमच्या कोण?”

“माझी थोरली बहीण!” कोपऱ्यात बसलेली म्वाई ताडकन उठली.

“आपल्याला थोरली बहीण कधी झाली गं?”

“तुम्ही दार लावलंत ना दादा, त्या दिवशी! आणि आईची थोरली बहीण म्हणजे पोरीची मोठी आई. कुळाचं तुम्हीच सांगता ना? मग ऐका!”

चिराम्बोबाईंनी लायसनकडे न पाहताच, एस्नातनं सांगितला तसाच निकाल लिहिला.

म्वाई एस्नातपुढे गुडघ्यांवर बसली. “ताई, मत्सरानं जळत होते गं मी… नाही नाही ते बोलले!”

“ऊठ. माझ्याही पोटात कमी विष नव्हतं तुझ्यासाठी,” एस्नात रडता रडता म्हणाली.

चार दिवसांनी तादालाचं गाठोडं एस्नातनं स्वतःच्या डोक्यावरून शेजारच्या खोलीत पोचवलं, आणि परतून रिकाम्या चटईवर बसून राहिली. तेवढ्यात दारात धावती पावलं वाजली.

“मोठी आई! मक्याच्या पिठाची न्सिमा शिजलीय. आई म्हणतेय, तू आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही!”

एस्नातनं डोळे पुसले, आणि उठली.