तांबं की तांब्या?

"अहो... जरा तांबं देता का?"

सत्तावन्न साल होतं. चिंचवडच्या रंगाच्या कारखान्यात सूत धुवायला लागून मला दोनच महिने झाले होते. वळून बघते तर पांढरा डगला, नाकावर घसरलेला चष्मा – साताऱ्याकडचे नवे केमिस्ट, ज्योतीराम! तहान लागली असेल बिचाऱ्यांना, म्हणून मी तांब्या भरून पुढे केला.

त्यांनी तांब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अन् गटागटा सगळं पाणी प्यायले.

"मी मोरचूद मागत होतो, तांब्याचा निळा क्षार," ओठ पुसत ते म्हणाले. "तुमच्या मागच्या फळीवरचा. पण हेही... बरं झालं."

मेले मी लाजेनं! पण स्वभाव चौकस. दुपारी भाकरी खाऊन त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिले.

"साहेब, रंगात तांबं कशाला वो?"

"हात दाखवा."

मी हात पदराआड लपवले. पिवळ्या रंगानं कातडी सोलून निघाली होती. सगळ्याच बायकांची तीच गत.

"हा अ‍ॅझो जातीचा कृत्रिम रंग. सुटा असला की अंगात शिरतो, तिथं फुटतो अन् विष होतो. तांब्यानं त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं, तर विष कमी होईल असं मला वाटतं."

"आन् धरून धरून तांबं कट्टाळलं तर?"

"नाही कंटाळत," ते माझ्याकडेच बघत म्हणाले. माझे कान तापले.

शनिवारी मालक येणार होते. तांबं जोडलेल्या रंगाच्या पाण्यात मासोळ्या जगल्या तर नवी रीत सुरू, नाहीतर ज्योतीरामांची रवानगी मुंबईच्या ऑफिसात. माझे हात बरे व्हायला हवे होते, अन् ते जायला नको होते. खरं सांगते, दुसरंच जास्त.

शुक्रवारी सकाळी चाचणीच्या दोन्ही बरण्यांतल्या मासोळ्या उलट्या तरंगत होत्या. नुसत्या रंगातल्याही, तांब्याच्या रंगातल्याही.

"संपलं," ज्योतीराम म्हणाले.

रंगाचा लगदा चक्क्यासारखा फडक्यात टांगला होता. त्यातून निळसर पाणी ठिबकत होतं.

"हे किती येळा धुतलं?"

"एकदा."

"एकदाच? तांदूळ तरी तीनदा धुत्यात! रंगानं धरलं ते ऱ्हायलं. ज्यादाचं सुटं तांबंच मासोळ्यांना मारतंय, न्हाई का?"

ते ताडकन उठले. पाणी नितळ येईस्तोवर आम्ही दोघांनी लगदा धुतला. बोटं बोटांना लागत होती... कोणी काढून घेतली नाहीत.

शनिवारी मालकांच्या डोळ्यांदेखत त्या धुतलेल्या रंगाच्या पाण्यात मासोळ्या सुळसुळत फिरल्या.

"गवराबाई," मालक गेल्यावर ज्योतीराम अडखळले, "सुटं राहणं वाईटच..."

"मंग?"

"मीही सुटाच आहे."

मी पळाले.

रविवारी ते थेट आमच्या घरी, वाकडला. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाव, भावकी सगळं विचारून घेतलं.

"आन् काम काय काढलं?"

"जरा... तांबं मागायला आलो होतो."

दादा बघतच राहिले. आतून मी भरलेला तांब्या घेऊन आले, दोन्ही हातांनी धरून. त्यांनीही तो दोन्ही हातांनी घेतला, माझ्या बोटांसकट... अन् सोडेनात.